सायगावमध्ये मागे राहिलेली माणसे

सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात चिंचेचे एक मोठे झाड होते. 1975 च्या एप्रिलमध्ये हे झाड तोडायचे की नाही, यावर त्या इमारतीत बरेच दिवस वाद चालू होता. झाड तोडले तर वाहनतळाच्या जागेत मोठी हेलिकॉप्टरे उतरू शकणार होती. पण राजदूत ग्रॅहम मार्टिन ऐकायला तयार नव्हते. चिंच पडली की अमेरिका निघाली, असा अर्थ गावभर लावला जाईल आणि एकच धावपळ उडेल, असे त्यांचे म्हणणे. 29 एप्रिलला सकाळी शेवटी झाडावर करवत चालली. तोपर्यंत उत्तर व्हिएतनामच्या तोफा तान सोन न्युत विमानतळाच्या धावपट्ट्यांवर पडू लागल्या होत्या आणि विमानाने माणसे नेण्याचा मार्ग बंद झाला होता.

पराभव कबूल करायला होणारा उशीर आणि त्या उशिराची किंमत भलत्यानेच मोजणे, असे या चिंचेच्या गोष्टीचे सार आहे. हेरगिरीच्या इतिहासात ते वारंवार दिसते. पण ते आतून पाहणारा, पाहून अस्वस्थ होणारा आणि मग नाव लावून लिहिणारा माणूस क्वचितच भेटतो. फ्रँक स्नेप हा असा एक माणूस. तो सीआयएच्या सायगाव केंद्रातला मुख्य विश्लेषक होता.

स्नेपचा जन्म 1943 चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. कोलंबिया विद्यापीठात त्याने एलिझाबेथच्या काळातल्या इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला होता, नंतर तिथेच आंतरराष्ट्रीय संबंधांचा. 1968 मध्ये तो सीआयएत दाखल झाला. नोकरीत रुजू होताना इतर सर्वांप्रमाणे त्यानेही एका कागदावर सही केली: संस्थेच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेविषयी काहीही प्रसिद्ध करणार नाही. पंचविशीतल्या माणसाने नोकरीच्या पहिल्या दिवसांत किती कागदांवर सह्या केल्या हे कोण लक्षात ठेवतो! बारा वर्षांनी हाच कागद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचणार होता.

1969 मध्ये त्याला सायगावला पाठवण्यात आले. मधला थोडा काळ सोडला तर शेवटच्या दिवसापर्यंत तो तिथेच राहिला. त्याचे काम दुहेरी होते. हेरांकडून, कैद्यांकडून, रेडिओवरून येणाऱ्या माहितीची संगती लावून वॉशिंग्टनला अहवाल लिहायचे, आणि प्रसंगी कैद्यांची चौकशीही करायची. न्गुयेन व्हान ताय हा त्या कैद्यांपैकी एक. उत्तरेच्या गुप्त सुरक्षा यंत्रणेतला हा मोठा अधिकारी 1970 च्या अखेरीस पकडला गेला. त्याच्यासाठी खास कोठडी बांधली होती: पांढऱ्या भिंती, खिडकी नाही, दिवे सतत चालू आणि वातानुकूलन यंत्राची थंडी सतत अंगावर. दक्षिण व्हिएतनामींनी आधी मारहाण करून पाहिली होती. अमेरिकनांची रीत मवाळ, पण चिवट होती. स्नेप त्याच्यासमोर बसून तासन् तास प्रश्न विचारत असे. ताय फारसा बोलला नाही. या माणसाकडे आपण शेवटी परत येऊ.

स्नेप साधा नोकरदार नव्हता, आणि संतही नव्हता. पत्रकारांना हवी तशी माहिती पुरवणे, खऱ्यात थोडे खोटे मिसळून ती त्यांच्या गळी उतरवणे, हेही त्याच्या कामात होते. नंतर त्याने ते उघडपणे कबूल केले. म्हणून त्याचा भ्रमनिरास वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही. ज्या यंत्रणेने त्याला व्यथित केले, तिचाच तो कुशल कारागीर होता.

पॅरिसचा करार जानेवारी 1973 मध्ये झाला आणि मार्चअखेर अमेरिकन फौजा व्हिएतनाममधून निघाल्या. दक्षिणेचे अध्यक्ष न्गुयेन व्हान थ्यू यांना वाटत होते, संकट आलेच तर अमेरिकन विमाने परत येतील. निक्सन यांनी तसे आश्वासन खाजगीत दिले होते. पण ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन यांनाच राजीनामा द्यावा लागला आणि अमेरिकन संसद मदतीला कात्री लावत राहिली. अशा वेळी वॉशिंग्टनला सायगावहून खरे चित्र जाणे गरजेचे होते. स्नेपचा मुख्य आरोप इथूनच सुरू होतो: ते गेले नाही. थ्यू यांच्या सैन्यातला भ्रष्टाचार, पगारपत्रकावर असलेले पण पलटणीत नसलेले शिपाई, अधिकाऱ्यांचे मोडलेले मनोधैर्य याविषयीचे अहवाल मऊ केले गेले किंवा दाबले गेले. कारण मदत मागायची होती, आणि बुडणाऱ्याला कर्ज द्या असे कोणत्या सावकाराला सांगणार?

ही खोड नवी नव्हती. आठ वर्षांपूर्वी सीआयएच्याच सॅम अ‍ॅडम्स या विश्लेषकाने शत्रूच्या गनिमांची संख्या मोजायला घेतली, तेव्हा लष्कराच्या अधिकृत आकड्याच्या जवळपास दुप्पट माणसे त्याच्या हिशोबात निघाली. लष्कराला मोठा आकडा नको होता, कारण युद्ध जिंकत असल्याचे लोकांना सांगणे चालू होते. 1967 मध्ये सीआयएने लष्कराशी तडजोड केली. अ‍ॅडम्स भांडत राहिला आणि 1973 मध्ये नोकरी सोडून गेला. आपल्याकडे सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही ही प्रक्रिया समजावून सांगावी लागणार नाही. तलाठ्याचा पंचनामा मंत्रालयात पोहोचेपर्यंत जे व्हायचे तेच इथेही होत होते, फक्त पंचनामा युद्धाचा होता.

राजदूत मार्टिन हे या प्रकरणातले सोपे खलनायक आहेत, पण मला ते तितके सोपे वाटत नाहीत. त्यांनी सांभाळलेला एक मुलगा या युद्धात कामी आला होता. दक्षिण व्हिएतनाम टिकणार नाही हे मान्य करणे त्यांच्यासाठी केवळ धोरणाचा प्रश्न नसावा. त्यांच्या जोडीला होते सीआयएचे केंद्रप्रमुख थॉमस पोल्गार, जन्माने हंगेरियन. युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात हंगेरी आणि पोलंड यांचे प्रतिनिधी सायगावात होते. (1954 नंतरच्या आधीच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, 1973 च्या आयोगात मात्र भारत नव्हता.) पोल्गार आपल्या मातृभाषेत हंगेरियन प्रतिनिधींशी बोलत. थ्यू यांना बाजूला केले तर हानोई वाटाघाटी करील, असा सूर त्यांना तिथून ऐकू येई. स्नेपच्या मते तो सूर मुद्दाम ऐकवला जात होता, म्हणजे अमेरिकन स्वस्थ बसून राहतील.

मार्च 1975 मध्ये सगळे कोसळले. 10 मार्चला मध्य पठारावरच्या बान मे थुओतवर हल्ला झाला. थ्यू यांनी पठार सोडण्याचा हुकूम दिला आणि माघारीचे पलायन झाले. महिनाअखेर ह्युए आणि दा नांग ही मोठी शहरे गेली. दा नांगच्या धावपट्टीवर पळणाऱ्या विमानाला लटकलेले लोक जगाने टीव्हीवर पाहिले. 10 एप्रिलला अध्यक्ष फोर्ड यांनी अमेरिकन संसदेकडे 72 कोटी 20 लाख डॉलरची लष्करी मदत मागितली. ती मिळाली नाही.

याच सुमारास, एप्रिलच्या मध्यात, केंद्राच्या सर्वांत विश्वासू हेराशी स्नेपची भेट झाली. कम्युनिस्ट पक्षाच्या आतल्या गोटातून बातमी आणणारा हा माणूस. त्याने सांगितले ते असे: वाटाघाटींची बोलणी हा देखावा आहे, फौजा थेट सायगाववर येणार आहेत. स्नेपने तसा अहवाल लिहिला. मार्टिन आणि पोल्गार यांनी तो मानला नाही. हेराने जीव धोक्यात घालून आणलेली बातमी एका पारड्यात आणि मुत्सद्द्याच्या गप्पा दुसऱ्या पारड्यात. जड ठरल्या त्या गप्पा, कारण त्या ऐकाव्याशा वाटणाऱ्या होत्या. माझ्या मते हेरखात्याचे खरे अपयश इथे आहे. माहिती नव्हती असे नाही. ती टेबलावर होती.

21 एप्रिलला थ्यू यांनी राजीनामा दिला. 25 तारखेच्या रात्री त्यांना गुपचूप विमानतळावर पोहोचवण्याचे काम सीआयएकडे आले, आणि त्या मोटारीच्या चाकावर होता स्नेप. थ्यू यांच्या माणसांच्या बॅगांमध्ये धातूचा खणखणाट ऐकू आला, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यावरून थ्यू सोने घेऊन पळाल्याच्या दंतकथेला बळ मिळाले. देशाच्या तिजोरीतले सुमारे 16 टन सोने मात्र सायगावातच राहिले आणि नव्या राज्यकर्त्यांच्या हाती लागले. अध्यक्ष आणि त्यांच्या बॅगा वेळेवर निघाल्या. ज्यांच्या नावावर बॅगाही नव्हत्या, त्यांचे काय?

केंद्राने वर्षानुवर्षे व्हिएतनामी माणसे कामाला लावली होती: दुभाषे, ड्रायव्हर, टंकलेखक, पहारेकरी, चौकशीतले मदतनीस, खेड्यापाड्यातले खबरे. त्यांना नेण्याच्या याद्या होत्या, जमण्याच्या जागा ठरल्या होत्या, आश्वासने दिली गेली होती. पण स्थलांतराची पूर्ण योजना उघडपणे राबवायची तर चिंच तोडावी लागली असती. 29 एप्रिलला जेव्हा हेलिकॉप्टरे सुरू झाली तेव्हा शहरात बसगाड्या फिरवणे अशक्य होत चालले होते. वकिलातीच्या भिंतीबाहेर हजारोंची गर्दी, आत धूर, गच्चीवर भट्ट्यांमध्ये जळणारे कागद. स्नेप सांगतो की केंद्राच्या रेडिओवर एकामागून एक आवाज येत होते. मी अमुक दुभाषा, मी तमुक ड्रायव्हर, आम्ही ठरल्या जागी उभे आहोत, गाडी कधी येणार? बऱ्याच ठिकाणी गाडी गेलीच नाही. आणि सगळे कागद जळलेही नाहीत. दक्षिणेच्या पोलिसांच्या आणि गुप्तचर खात्याच्या कचेऱ्यांत नावानिशी तयार केलेल्या फायली जिंकणाऱ्यांच्या हाती जशाच्या तशा पडल्या, असा स्नेपचा आरोप आहे. एकाच वेळी माणूस मागे ठेवायचा आणि त्याच्या नावाची फाईलही.

त्या दिवसातली एक गोष्ट त्याने आपल्या पहिल्या पुस्तकात नव्हे, बऱ्याच वर्षांनी सांगितली. त्याची एक व्हिएतनामी मैत्रीण होती. तिचे मूल आपलेच आहे असे ती म्हणे. तिचा फोन आला: मला बाहेर काढ, नाहीतर मी स्वतःला आणि मुलाला संपवीन. स्नेप त्या वेळी राजदूतासाठी एक अहवाल लिहीत होता. तासाभराने फोन कर, असे त्याने सांगितले. तिने केला, तेव्हा तो टेबलाशी नव्हता. नंतर त्याला कळले की तिने बोलल्याप्रमाणे केले. संस्थेवर ज्या दोषाचा ठपका ठेवला तोच दोष, अहवालापुढे माणूस मागे पडण्याचा, त्याने आपल्यातही पाहिला. त्याच्या पुढच्या रागाची धार कुठून आली असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

तो त्याच रात्री हेलिकॉप्टरने निघाला. राजदूत 30 एप्रिलच्या पहाटे निघाले. सकाळी शेवटचे मरीन सैनिक गच्चीवरून उडाले तेव्हा खाली अंगणात चारशेहून अधिक माणसे हेलिकॉप्टरची वाट पाहत बसलेली होती. तुमची पाळी येणार आहे, असे त्यांना शेवटपर्यंत सांगितले गेले होते.

अमेरिकेत परतल्यावर स्नेपला संस्थेने पदक दिले. त्याने मागितले होते काहीतरी वेगळेच. सायगावमध्ये कोण मागे राहिले, कोणती कागदपत्रे शत्रूला मिळाली, चूक कुठे झाली, याचा अधिकृत आढावा घ्या, अशी त्याची मागणी होती. लढाई हरलेले सैन्यसुद्धा असा आढावा घेते. सीआयएने घेतला नाही. उलट मर्जीतल्या पत्रकारांना आपली बाजू पुरवली. हा सगळा प्रकार त्याला परिचयाचाच होता, फक्त आता तो दुसऱ्या बाजूला उभा होता. जानेवारी 1976 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि लिहायला बसला.

‘डीसेंट इंटरव्हल’ हे पुस्तक नोव्हेंबर 1977 मध्ये निघाले. अमेरिकन फौजा निघणे आणि सायगाव पडणे यांत ‘बरे दिसेल’ इतके अंतर असावे, हा किसिंजर यांच्या नावाशी जोडला गेलेला हिशोब त्या शीर्षकात होता. प्रकाशक रँडम हाऊसने छपाई इतकी गुप्त ठेवली की पुस्तक दुकानात येईपर्यंत सीआयएला पत्ता लागला नाही. माजी हेराने आपली कला आपल्याच संस्थेवर वापरली, असे म्हणायला हरकत नाही.

या आधीची दोन उदाहरणे त्याच्यासमोर होती. व्हिक्टर मार्चेटी यांनी हस्तलिखित संस्थेला दाखवले, आणि 1974 मध्ये त्यांचे पुस्तक 168 ठिकाणी कोऱ्या जागा ठेवून छापावे लागले. फिलिप एजी यांनी परदेशात राहून 1975 मध्ये पुस्तक काढले आणि त्यात अधिकाऱ्यांची व हस्तकांची नावेच छापली. स्नेपला यातला कोणताच मार्ग नको होता. हेरांची नावे उघड करणे त्याला मान्य नव्हते. ज्यांना वाऱ्यावर सोडले म्हणून तो चिडला होता, त्यांनाच पुन्हा उघडे पाडण्यासारखे ते होते. त्याच्या पुस्तकात कोणतीही गोपनीय माहिती होती, असा दावा सरकारने खटल्यात केला नाही.

मग खटला कशाचा? त्या 1968 च्या कागदाचा. कार्टर सरकारने फेब्रुवारी 1978 मध्ये करारभंगाचा दावा दाखल केला. म्हणणे असे की मजकूर गोपनीय असो वा नसो, छापण्यापूर्वी दाखवायला हवा होता. खालच्या न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने तो अंशतः फिरवला. 19 फेब्रुवारी 1980 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवाद न ऐकताच सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: पुस्तकाची सगळी मिळकत सरकारजमा. तोपर्यंत आगाऊ मिळालेले सुमारे 60,000 डॉलर आणि पुढची रॉयल्टीही. शिवाय यापुढे संस्थेविषयी तो जे लिहील ते आधी तपासून घ्यायचे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी निकालपत्रात विचारले ते साधेच होते. गुपित फुटलेले नसताना इतकी कडक शिक्षा कोणत्या कायद्याखाली? कारण तसा कायदा संसदेने केलेलाच नव्हता; न्यायालयाने विश्वस्तनिधीचे जुने तत्त्व ताणून तो तयार केला. हा निकाल आजही लागू आहे, आणि स्नेपचे दुसरे पुस्तक, 1999 मधले, संस्थेच्या टेबलावरून जाऊनच बाहेर आले.

मार्टिन यांची बाजूही मांडली पाहिजे. आधीच पळापळ सुरू केली असती तर दक्षिणेच्या सैन्याने चिडून अमेरिकनांवरच बंदुका वळवल्या असत्या, असे ते सांगत. ही भीती काल्पनिक नव्हती. त्या वसंतात सुमारे 1 लाख 30 हजार व्हिएतनामी अमेरिकेच्या आश्रयाला पोहोचले, हेही खरे. पण त्यांतले पुष्कळ आपल्या होड्यांतून, आपल्या ओळखींवर, एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने वरिष्ठांची नजर चुकवून भरलेल्या विमानातून निघाले. निघाले कोण आणि राहिले कोण, हे धोरणापेक्षा नशिबानेच ठरले.

जिंकलेल्या बाजूलाही हेर होते. फाम सुआन आन हा ‘टाइम’ साप्ताहिकाचा सायगावातला वार्ताहर, आणि त्याच वेळी हानोईचा सर्वांत यशस्वी गुप्तहेर. 30 एप्रिलच्या आदल्या दिवशी त्याने काय केले? त्रान किम तुयेन या जुन्या मित्राला, जो कधीकाळी दक्षिणेच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख होता, शेवटच्या क्षणी बाहेर काढले. तुयेन ज्या इमारतीवरून निघाले ती गिया लाँग रस्त्यावरची. गच्चीवरच्या शिडीवर चढणाऱ्या रांगेचे जगप्रसिद्ध छायाचित्र तिथलेच आहे. पुष्कळजण त्याला अजून वकिलातीचे समजतात. विजयानंतर आनला जनरल केले गेले, गौरवले गेले, आणि जवळजवळ वर्षभर राजकीय ‘शिक्षणा’साठीही पाठवले गेले. अमेरिकन मित्रांत फार वावरल्यामुळे त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नव्हता. हरलेल्या बाजूने आपल्या माणसांना मागे टाकले, जिंकलेल्या बाजूने आपल्या माणसाला नजरेखाली ठेवले.

हा विषय आपल्यालाही परका नाही. मेजर जनरल व्ही. के. सिंग हे 2000 ते 2004 या काळात ‘रॉ’मध्ये होते. खरेदीतले गैरव्यवहार आणि उत्तरदायित्वाचा अभाव यांविषयी त्यांनी 2007 मध्ये पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सीबीआयने त्यांच्या घरावर छापा घातला आणि 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला. 2021 मध्ये केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल केला: गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाविषयी लिहायचे तर आधी परवानगी हवी, नाहीतर निवृत्तिवेतन रोखले जाऊ शकते. स्नेपच्या रॉयल्टीऐवजी इथे पेन्शन आहे. अमेरिकेत निदान संसदेच्या समित्या हेरखात्याला जाब विचारू शकतात. आपल्याकडे ‘रॉ’ आणि आयबी यांच्यावर देखरेख ठेवणारी संसदीय समिती अजूनही नाही. त्यामुळे आतला माणूस बोलला नाही, तर बाहेर कळायला दुसरी वाटच उरत नाही.

आता न्गुयेन व्हान ताय. स्नेपने आपल्या पुस्तकात लिहिले होते की सायगाव पडण्याच्या थोडे आधी, एका वरिष्ठ अमेरिकन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून, तायला विमानातून दक्षिण चिनी समुद्रात फेकून देण्यात आले. पांढऱ्या कोठडीतल्या कैद्याचा शेवट म्हणून ही हकीकत अनेक वर्षे सर्वत्र उद्धृत होत राहिली. ताय मात्र जिवंत होता. 30 एप्रिलला पहारेकरी पळाल्यावर तो त्या थंड खोलीतून चालत बाहेर आला, पुढे व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेचा सदस्य झाला, आणि स्वतःच्या कैदेविषयी त्याने स्वतःच लिहिले.